युद्धात लेखक कुठे उभा होता?

सर्बियन युद्धकादंबरी हातात आली की मी आधी लेखकाचं जन्मसाल आणि जन्मगाव बघते, कथानकाकडे नंतर वळते. हा माणूस युद्धात नेमका कुठे होता? कोणाच्या गणवेशात? खंदकात, तोफेमागे, इस्पितळात, की आईचा हात धरून कुठल्याशा रस्त्यावर? सर्बियातल्या नोवी सादमध्ये नोकरीच्या निमित्ताने राहत होते, मोडकंतोडकं सर्बियन हळूहळू वाचण्याइतकं सुधारलं होतं, तेव्हापासूनची ही सवय. एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली आहे. लेखकाने भोगलेलं युद्ध त्याच्या लढाईच्या वर्णनांत शोधू नये, तिथे ते सगळ्यात कमी सापडतं. ते पुस्तकाच्या बांध्यात उतरतं. गोष्ट सलग चालते की तुटते, सांगणारा एक आहे की दोन, काय सांगायचं टाळलं आहे, या ठिकाणी ते दिसतं.

मिलोश त्सर्न्यान्स्कीपासून सुरुवात करते, कारण त्याच्याइतका अडचणीत उभा असलेला सैनिक मला दुसरा माहीत नाही. जन्म १८९३चा, चोंग्रादचा. हे गाव आज हंगेरीत आहे, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. घर सर्ब, पण प्रजा हाब्सबुर्ग सम्राटाची. १९१४ साली साराजेव्होत युवराजाचा खून झाला तेव्हा हा व्हिएन्नात शिकत होता. त्याच्या अंगावर त्याच सम्राटाचा गणवेश चढला आणि त्याला गॅलिशियाच्या, म्हणजे आजच्या पोलंड-युक्रेनमधल्या, आघाडीवर रशियनांशी लढायला धाडलं गेलं. इकडे सर्बियाच्या सैन्याने १९१४ मध्ये त्सेरच्या डोंगरावर आणि कोलुबारा नदीकाठी त्याच सम्राटाच्या फौजा परतवून लावल्या होत्या. म्हणजे हा सर्ब तरुण सर्बियाच्या शत्रूच्या सैन्यात. जिंकलो तरी आपला विजय नाही, हरलो तरी मरणार आपणच.

अशा माणसाने १९२१ साली ‘चार्नोयेविचची डायरी’ प्रसिद्ध केली. पुस्तक छोटंसं आहे. पहिलंच वाक्य असं: शरद ऋतू, आणि अर्थ नसलेलं आयुष्य. पेतार राजिच नावाचा सैनिक बोलतो आहे, क्राकोच्या इस्पितळात पडला आहे, आणि आठवणी येतील तशा येत राहतात. चिखल, पाऊस, झाडं, बायका, आगगाड्या. लढाई जवळजवळ नाहीच. जिथे आहे तिथे दोन-तीन वाक्यांत उरकते आणि नजर पुन्हा एखाद्या झाडाच्या शेंड्याकडे जाते. मग मध्येच चार्नोयेविच नावाचा एक खलाशी येतो, आणि हा राजिचचा मित्र, की त्याने पाहिलेलं स्वप्न, की तो स्वतःच, हे सांगणं कठीण होऊन बसतं. समीक्षक याला आधुनिकतेचा प्रयोग म्हणतात. असेलही. मला मात्र हे अगदी रोखठोक वर्णन वाटतं. ज्याचा गणवेश एकीकडे आणि जीव दुसरीकडे, त्याने ‘मी’ असं एकवचनात तरी कसं लिहावं?

याच त्सर्न्यान्स्कीने १९२९ मध्ये ‘सेओबे’ लिहिली. सेओबे म्हणजे स्थलांतरं. काळ एकदम अठराव्या शतकातला. १७४४ च्या वसंतात डॅन्यूबकाठच्या सर्बांची एक पलटण मारिया थेरेसासाठी फ्रेंचांशी लढायला ऱ्हाइनकडे निघते. पुढे वुक इसाकोविच हा त्यांचा अधिकारी. वय उतरणीला लागलेलं, शरीर जड झालेलं, बढतीची आशा अजून न सुटलेली. मागे त्याची बायको दाफिना त्याच्या भावाच्या घरी राहिलेली, आणि तिथे काय होणार याची वाचकाला लवकरच चाहूल लागते. पलटण चालते, लढते, माणसं मरतात, उरलेले परत येतात. कशासाठी गेलो होतो याचं उत्तर ना वुककडे आहे, ना त्याच्या सैनिकांकडे. पहिल्या प्रकरणाला नाव दिलंय ‘अनंत निळं वर्तुळ. त्यात एक तारा.’ शेवटच्या प्रकरणालाही हेच नाव. एवढी पायपीट झाली आणि माणूस जिथून निघाला त्याच वर्तुळात आहे.

हे सगळं गॅलिशियाच आहे, फक्त एकशे सत्तर वर्षं मागे नेलेलं. पहिल्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियाच्या नव्या राज्यात विजयाचे सोहळे चालले होते, कोणत्या सर्बाने कुठे शौर्य गाजवलं याच्या याद्या होत होत्या. त्या यादीत न बसणाऱ्या माणसाला आपली गोष्ट सांगायला दुसरं शतक उसनं घ्यावं लागलं. ‘सेओबे’चा दुसरा भाग १९६२ मध्ये आला, तेव्हा तो लंडनमध्ये निर्वासित होता. त्याचा शेवट असा, की स्थलांतरं आहेत, मरण नाही. बेलग्रेडला तो १९६५ साली परतला.

आता याच्या अगदी समोरच्या बाजूचा माणूस घ्या. स्तेवान याकोव्ल्येविच. पेशाने जीवशास्त्रज्ञ, पुढे बेलग्रेड विद्यापीठाचा रेक्टर. पहिल्या महायुद्धात तो सर्बियाच्या तोफखान्यात अधिकारी होता. १९३०च्या दशकात त्याची ‘सर्बियन त्रयी’ आली: १९१४चा विजय, १९१५ची माघार, आणि सालोनिकाच्या आघाडीवरून १९१८चं परतणं. इथे ‘मी’ दुभंगत नाही. गोष्ट महिन्यामागून महिना चालते. तोफा कुठे लावल्या, घोडे किती थकले, कोण कशावर हसला, सगळं जागच्या जागी. तोफखान्याचा माणूस शत्रूचा चेहरा क्वचितच बघतो. तो अंतर बघतो, दिशा बघतो आणि उरलेले गोळे मोजतो. १९१४ च्या नोव्हेंबरात सर्बियन तोफांना गोळे पुरेनासे झाले होते. दोस्तांकडून दारूगोळा आला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला प्रतिहल्ला झाला. तोफेमागे उभ्या असलेल्या माणसाला ही कमतरता जशी कळते तशी कुठल्याच इतिहासकाराला कळणार नाही.

माझ्या घरमालकिणीचं हे सगळ्यात लाडकं पुस्तक. मी त्यांना ‘तेत्का’ म्हणायचे, तिथे मावशीला म्हणतात तसं. त्यांच्या आजोबांचं ‘आल्बानियाचं स्मृतिपदक’ हिरव्या-काळ्या फितीसकट काचेच्या कपाटात होतं. १९१५-१६ च्या हिवाळ्यात आल्बानियाचे डोंगर ओलांडून गेलेल्यांना हे पदक मिळालं होतं. तेत्कांनी त्रयीची जुनी प्रत मला हातात दिली ती एका अटीवर, की मधेच सोडायची नाही. मी सोडली नाही. खरंच चांगलं पुस्तक आहे, माणसं जिवंत आहेत. पण जिंकलेल्या सैन्यातून घरी परतलेल्या माणसाचं पुस्तक आहे, आणि ती ऊब पानापानावर जाणवते.

जिंकलेल्या सैन्यातून परतूनही ही ऊब न मिळालेला लेखक म्हणजे द्रागिशा वासिच. बाल्कन युद्धांपासून तो अधिकारी म्हणून लढला. युद्ध संपल्यावर प्रजासत्ताकवादी वर्तमानपत्रात सरकारवर टीका करू लागला, तेव्हा त्याला पुन्हा गणवेश चढवायला लावून आल्बानियाच्या सीमेवर पाठवलं गेलं. त्यावर त्याने १९२१ मध्ये ‘युगोस्लाव्ह सायबेरियात दोन महिने’ लिहिलं. पुढच्याच वर्षी ‘विझवलेले दिवे’ हा कथासंग्रह आणि ‘लाल धुकं’ ही कादंबरी आली. त्याचे अधिकारी विजयानंतर झोपू शकत नाहीत. त्याची वाक्यं घाईची आहेत, कधी कधी भडकही. पण राग खरा आहे.

रास्त्को पेत्रोविचची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. १८९८चा जन्म. १९१५ च्या शरदात जर्मन, ऑस्ट्रियन आणि बल्गेरियन सैन्यं सर्बियावर चालून आली आणि राजा, सरकार, सैन्य, कैदी, शाळकरी मुलं, बायका, सगळे आल्बानियाच्या बर्फातून समुद्राकडे निघाले. त्यात हा सतरा वर्षांचा मुलगा. त्याच वर्षी त्याची मोठी बहीण, चित्रकार नादेज्दा पेत्रोविच, वाल्येवोच्या इस्पितळात स्वयंसेवक परिचारिका म्हणून काम करताना टायफसने गेली होती. आज २०० दिनारच्या नोटेवर तिचं चित्र आहे.

रास्त्को वाचला, फ्रान्समध्ये शिकला, पुढे राजनैतिक सेवेत गेला. ती चाल मात्र त्याला आयुष्यभर लिहायची होती. ‘सहावा दिवस’ ही कादंबरी १९३०च्या दशकात प्रकाशकाने परत केली, आणि ती प्रसिद्ध झाली १९६१ मध्ये. तो १९४९ सालीच वॉशिंग्टनमध्ये वारला होता. कादंबरी वाचली की प्रकाशक का कचरला ते समजतं. त्या माघारीचं तोवर एक पवित्र चित्र तयार झालं होतं, आपला क्रूस पाठीवर घेऊन चाललेलं राष्ट्र. रास्त्कोच्या पानांवर राष्ट्र नाही. भूक आहे, उवा आहेत, ओले पाय आहेत, दुसऱ्याच्या मरणाने आपल्याला थोडी ऊब मिळेल का हा विचार आहे. सतरा वर्षांच्या मुलाला शरीराशिवाय दुसरं काय कळणार? आणि मग अर्धी कादंबरी संपल्यावर तो आपल्याला १९३८ च्या अमेरिकेत नेऊन ठेवतो, जिथे तोच नायक, स्तेवान पापा-कातिच, आता शास्त्रज्ञ आहे. मधली वीसेक वर्षं गायब. कित्येकांना हा जोड खटकतो. मला वाटतं, वाचलेल्या माणसाचं आयुष्य असंच असणार. आधीचं आणि नंतरचं यांच्यामध्ये पूल नसतो.

पुलावरून इव्हो आंद्रिच आठवणं साहजिक आहे, आणि त्याच्यावर हक्क सांगणारे बोस्नियातही आहेत, क्रोएशियातही. १९४१ पर्यंत तो युगोस्लाव्हियाचा बर्लिनमधला राजदूत होता. ६ एप्रिल १९४१ ला जर्मनांनी बेलग्रेडवर बॉम्ब टाकले, राष्ट्रीय ग्रंथालय जळलं. आंद्रिच व्यापलेल्या बेलग्रेडमध्ये परत आला, जर्मनांच्या राज्यात काहीही छापायला त्याने नकार दिला आणि लिहीत बसला. ‘द्रिनावरचा पूल’ची गोष्ट १९१४ ला संपते, दुसऱ्या महायुद्धाचा तिच्यात उल्लेखही नाही. पण शेवटच्या पानाखाली नोंद आहे: बेलग्रेड, जुलै १९४२ ते डिसेंबर १९४३. कादंबरी पुलाच्या स्फोटाने का संपते, हे त्या तारखा बघितल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

दोब्रित्सा चोसिचबद्दल माझं मत कडू-गोड आहे. दुसऱ्या महायुद्धात तो पार्टिझान तुकडीत, म्हणजे जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या कम्युनिस्ट गनिमांत, राजकीय कमिसार होता, तुकडीतला पक्षाचा माणूस. १९५१ची त्याची पहिली कादंबरी ‘सूर्य दूर आहे’ यास्त्रेबात्स डोंगरावर घेरल्या गेलेल्या एका तुकडीची. तिच्यात ग्व्होझ्देन नावाचा शेतकरी लढवय्या म्हणतो, हिवाळ्यापुरतं माणसांना घरी जाऊ द्या. या बोलण्याबद्दल त्याचेच साथी त्याला गोळी घालतात. ग्व्होझ्देन भित्रा नाही, फितूर तर नाहीच. युद्ध संपून सहा वर्षं झालेली, पार्टिझान सत्तेवर, आणि त्यांच्यातलाच एक जण हे लिहितो. शत्रूला मारणं कोणीही लिहील. आपल्यातल्याला मारायचा निर्णय बसून, चर्चा करून कसा घेतला जातो, हे कमिसारच लिहू शकतो. ती पानं मी विसरू शकत नाही.

पुढे १९७०च्या दशकात त्याने ‘मृत्यूचा काळ’ चार खंडांत लिहिला. हे पहिलं महायुद्ध, म्हणजे त्याच्या वडिलांच्या पिढीचं. सेनापतींच्या बैठका, तारा, मंत्र्यांचे वाद, आघाडीवर पाठवलेले विद्यार्थी, वाल्येवोचं टायफसग्रस्त इस्पितळ. इस्पितळाचा भाग जबरदस्त आहे. पण बाकी ठिकाणी मला जाणवत राहतं की हा माणूस तिथे नव्हता, आणि जिथे तो नव्हता तिथे त्याच्याऐवजी राष्ट्र बोलायला लागतं. १९८३ मध्ये त्यावरून बेलग्रेडच्या रंगमंचावर ‘कोलुबाराची लढाई’ आली आणि प्रेक्षक भारावून गेले. १९९२ मध्ये चोसिच उरलेल्या युगोस्लाव्हियाचा राष्ट्राध्यक्ष झाला, तेव्हा बोस्नियात युद्ध पेटलेलं होतं. ग्व्होझ्देनचा लेखक आणि हा राष्ट्राध्यक्ष एकच माणूस आहे, हे मला आजही पचत नाही.

आता नोवी साद. इथे मी थोडं जास्त थांबणार आहे, कारण या शहराच्या रस्त्यांवरून मी रोज चालत होते. डॅन्यूबच्या काठावर योव्हान सोल्दातोविचचं ‘कुटुंब’ हे स्मारकशिल्प उभं आहे, काटकुळ्या, उंच आकृत्या एकमेकांना चिकटलेल्या. २१ ते २३ जानेवारी १९४२ या तीन दिवसांत शहर व्यापून बसलेल्या हंगेरीच्या सैन्याने आणि पोलिसांनी हजाराहून जास्त माणसं मारली, मुख्यतः ज्यू आणि सर्ब. गोठलेल्या नदीच्या बर्फाला भोकं पाडून प्रेतं खाली ढकलली.

त्या तीन दिवसांत शहरात पुढे लेखक झालेले दोघे होते. दानिलो किश, वय सहा, सात पूर्ण व्हायला महिना बाकी. आणि अलेक्सांदर तिश्मा, नुकतीच अठरा पूर्ण झालेली, शाळा संपत आलेली. किशचे वडील ज्यू, तिश्माची आई ज्यू. शहर एक, थंडी एक, भीती एक. पुस्तकं मात्र इतकी वेगळी की एकाच घटनेतून आली आहेत यावर विश्वास बसू नये.

किशचे वडील त्या वेळी वाचले. कुटुंब हंगेरीतल्या केर्काबाराबाश या खेड्यात गेलं. १९४४ मध्ये वडिलांना आउश्वित्झच्या छळछावणीत नेलं आणि ते परत आले नाहीत. हे वडील रेल्वेत निरीक्षक होते, त्यांनी १९३८चं युगोस्लाव्ह वेळापत्रक तयार केलं होतं. ‘बाग, राख’मध्ये असेच एक वडील वेळापत्रक लिहिता लिहिता साऱ्या जगाचा ग्रंथ लिहायला निघतात. १९७२ च्या ‘पेश्चानिक’मध्ये, म्हणजे वाळूच्या घड्याळात, किशने मुलाचा आवाज काढूनच टाकला. प्रकरणांची नावं आहेत ‘प्रवासातली चित्रं’, ‘एका वेड्याच्या नोंदी’, ‘तपास’, ‘साक्षीदाराची उलटतपासणी’. कोणीतरी प्रश्न विचारत राहतं: तेव्हा तो कुठे होता, खिशात काय होतं, मग तो कोणाकडे गेला. उत्तरं कंटाळवाण्या तपशिलाने दिली जातात. वाचता वाचता मला उमगलं, की हे प्रश्न पोलिसांचे नाहीत. वडील हरवलेल्या मुलाचे आहेत, फक्त मोठेपणी तो ते पोलिसांच्या भाषेत विचारतोय. आणि अगदी शेवटी ५ एप्रिल १९४२ चं एक पत्र येतं. वडिलांनी बहिणीला लिहिलेलं खरंखुरं पत्र, नातेवाइकांबद्दलच्या तक्रारींनी भरलेलं. प्रकरणाचं नाव ‘पत्र किंवा अनुक्रमणिका’. आधीचं सगळं पुस्तक या एका कागदातून उभं केलेलं असतं. सहा वर्षांच्या मुलाने जे पाहिलं असेल ते धूसरच असणार. हातात राहिला तो कागद.

अठरा वर्षांच्या मुलाचं तसं नसतं. त्याला शेजाऱ्यांची नावं माहीत असतात. तिश्मा पुढे बुडापेस्टला शिकायला गेला, १९४४ मध्ये ट्रान्सिल्व्हानियातल्या श्रमछावणीत होता, शेवटी मुक्तिसेनेत सामील झाला. ‘ब्लामचं पुस्तक’चा नायक मिरोस्लाव ब्लाम ख्रिश्चन बायकोमुळे वाचलेला आहे. युद्धानंतर तो शहरात फिरतो तेव्हा प्रत्येक घराशी त्याला तिथून गेलेले लोक दिसतात. १९७६ ची ‘माणसाचा वापर’ त्याहून कठोर. मधली काही प्रकरणं चक्क याद्या आहेत: शरीरं, खोल्या, मरणं, एकामागून एक. अमका असा गेला, तमकी तशी गेली. आवाज चढत नाही. छावणीत वेश्याव्यवसायात ढकलली गेलेली व्हेरा परत येते आणि तिची वाट बघणारं कोणी नसतं, हेही त्याच आवाजात. किश वडिलांना शोधतो म्हणून त्याच्या वाक्यात माया आहे. तिश्मा कोणालाही शोधत नाही. काय झालं ते त्याला माहीत आहे. म्हणूनच तो जास्त भीतिदायक.

युगोस्लाव्हिया फुटताना झालेल्या नव्वदीतल्या युद्धांबद्दल थोडक्यात सांगते. व्लादिमिर आर्सेनियेविचच्या ‘जहाजाच्या तळाशी’ या १९९४ च्या कादंबरीत आघाडी दिसतच नाही. १९९१ च्या शरदातलं बेलग्रेड, गरोदर बायको, आणि दार वाजलं की सैन्यभरतीचं बोलावणं आलं असेल ही धडकी. तेव्हा कितीतरी तरुण स्वतःच्या घरी झोपत नसत. बायकोचा धाकटा भाऊ हरेकृष्ण पंथातला, त्यालाही बोलावणं येतं आणि तो जातो. त्या पिढीने भोगलेलं युद्ध दारापर्यंत आलेल्या कागदाचं होतं, आणि कादंबरी त्या दारापलीकडे जात नाही. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

दाव्हिद अल्बाहारीचं ‘गेत्स आणि मायर’ मात्र माझ्या म्हणण्याला आव्हान देतं. हा लेखक १९४८चा. १९४२ च्या वसंतात बेलग्रेडच्या सायमिश्ते छावणीतून ज्यू बायका-मुलांना विषारी वायूच्या गाडीत घालून नेलं गेलं, तेव्हा तो जन्मलाही नव्हता. त्याच्या निवेदकाला, एका शिक्षकाला, फक्त गाडीच्या दोन जर्मन चालकांची आडनावं माहीत आहेत. चेहरे नाहीत, आवाज नाहीत. मग अख्खी कादंबरी एकाच परिच्छेदात, कल्पना करत, खोडत, पुन्हा कल्पना करत जाते. श्वास घ्यायला जागा नाही.

यावरून तेत्कांशी माझा वाद फोनवर अजून चालू आहे. त्या म्हणतात, दोन आडनावांवर कादंबरी उभी राहत नसते, तिथे असलेल्याने लिहावं, बाकीच्यांनी वाचावं. मी म्हणते, त्या गाडीत जे होते त्यांच्यातलं लिहायला कोणी उरलंच नाही, मग लिहायचं कोणी? गेल्या वेळी यावर त्यांनी विचारलं, पुस्तक किती पानांचं आहे. मी सांगितलं, छोटंच आहे. ग्रंथालयातून आणून बघते, म्हणाल्या.